जांभळाचा रंग आणि शेंडे मॅडम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एक नाव घेतो, आणि आईवडिलांना ते ठाऊक आहे. डॉ. विशाखा शेंडे. नागपूरच्या ज्या कॉलेजात मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली, तिथं त्या माझ्या मार्गदर्शक होत्या. आज माझ्या नावाआधी 'डॉ.' लागतं ते त्यांच्यामुळे. ते दोन वर्षं उशिरा लागलं, तेही त्यांच्यामुळेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी गाळली तर मॅडमना चालणार नाही.

मी पारशिवनीचा. वडिलांचं बाजाराच्या रस्त्यावर शिवणकामाचं दुकान आहे. घरात माझ्याआधी बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. इंग्रजी पुस्तकातलं वाक्य मी मनातल्या मनात मराठी करून घ्यायचो आणि मग परत इंग्रजी करून बोलायचो, त्यामुळे माझं प्रत्येक उत्तर जरा उशिरा यायचं. मॅडमच्या पहिल्या मुलाखतीत त्यांनी टेबलावर एक जांभूळ ठेवलं आणि विचारलं, याच्यात काय आहे. मी पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, ते पुस्तकात आहे, याच्यात काय आहे ते सांग. मग सुचलं ते बोललो. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर जांभळाचा डाग पडला होता. वडिलांनी साबण लावला तर डाग निळा पडला, आईनं लिंबू चोळलं तर लाल झाला, आणि गिऱ्हाइकानं तो सदरा नेलाच नाही.

"मंग तू अर्धं शिकूनच आला आहेस," त्या म्हणाल्या. "उरलेलं अर्धं अवघड आहे."

जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं अशा फळांना जो गडद रंग असतो त्याला अँथोसायनिन म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवायच्या, त्यांच्यावर हा रंग सोडायचा आणि किती जगतात, किती मरतात ते मोजायचं, हे आमचं काम होतं. बाहेरच्या देशांत लोक ब्लूबेरी घेऊन असं काम करत. मॅडमचं म्हणणं, दारात जांभूळ असताना ब्लूबेरीच्या मागं काहून पळा.

जांभळाचा हंगाम महिनाभराचा. त्या महिन्यात मॅडम सकाळीच कळमन्याच्या बाजारात जायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चष्म्याला काळी दोरी, पायात पुरुषांच्या वाटाव्यात अशा चपला. टोपल्यांपुढं उकिडव्या बसून त्या चांगली फळं बाजूला सारायच्या आणि फुटायला आलेली, काळीभोर, बाकीचे टाकून देतील अशी निवडायच्या, कारण त्यांच्या सालीत रंग जास्त. प्रत्येक टोपलीतलं एक खाऊन बघायच्या. एका व्यापाऱ्याला त्यांच्याबद्दल फार चिंता वाटायची. मॅडम, एवढ्या शिकलेल्या, आणि सडकी फळं काहून नेता, तो दर वर्षी विचारायचा. ज्यूसचा ठेला टाकला का? त्यावर मॅडम जांभळी जीभ काढून दाखवायच्या. त्याच जिभेनं अकरा वाजता बी.एस्सी.च्या वर्गात तास घ्यायच्या आणि पहिल्या बाकावरच्या मुली वहीत तोंड घालून हसायच्या.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली. प्रयोगशाळेत शिरल्या की अस्सल नागपुरी. आणि रागावल्या की परत पुस्तकातली, शिवाय मला एकदम 'तुम्ही'. त्यामुळे त्यांचा राग ओळखायला आवाजाची गरजच नव्हती. त्या आवाज चढवतही नसत.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, वाक्यातून 'बशीत' हा शब्द गाळायचा नाही. पेशी मेल्या, असं मी म्हटलं की त्या हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "कुठं मेल्या?" बशीत, मॅडम. "मंग तसं बोल." दिवसातून दहा वेळा हे चालायचं. आम्ही विद्यार्थी त्यांच्या मागं नकला करायचो. कुणाला भूक लागली की दुसरा विचारायचा, कुठं लागली, बशीत का?

दुसरा नियम वहीचा. प्रयोगाआधी आपल्याला काय होईल असं वाटतं ते डाव्या पानावर पेन्सिलनं लिहायचं, आणि नंतर खरोखर काय झालं ते उजव्या पानावर पेननं. पेन्सिलचं खोडायचं नाही. पहिल्याच वर्षी माझा एक अंदाज इतका चुकला की मला लाज वाटली आणि मी तो खोडून नवा लिहिला. मॅडमनी वही उघडली, पानावरून अंगठा फिरवला, आणि कागद खरखरीत लागला तिथं थांबल्या.

"खोडलं काहून?"

चुकलं होतं, मी म्हणालो.

"चुकलं तेच तर मले पायचं होतं." वही मिटत त्या म्हणाल्या, "आमच्या घरचे देव आजोबांच्या वेळी गेले, दीक्षा घेतली तेव्हा. त्यायच्या जागी 'काहून' आलं. माझा बाप ताटातली भाजी उलट केली तरी काहून म्हणून विचारे. तू खोडलं तर मी विचारू कोणाले?"

हे सगळं आता गोड वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. या कामात वैताग फार. पेशींना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलेंडर शुक्रवारी संपायचा आणि गाडी मंगळवारी यायची. दिल्लीहून मागवलेल्या पेशी उन्हाळ्यात वाटेतच मरून यायच्या. एका उन्हाळ्यात सगळ्या बशांना बुरशी लागली आणि वर्षभर जपलेल्या पेशी आम्ही ब्लीचमध्ये बुडवून टाकल्या. एकदा डीप फ्रीझर बंद पडला. हंगाम संपलेला होता, कळमन्यात जांभूळ नाही, आणि आमचा साठवलेला सगळा रंग वितळून तपकिरी झालेला. त्या दिवशी मी जिन्यात बसून राहिलो. मॅडम शेजारी उभ्या राहून डबा खात होत्या, त्या कधीच बसून जेवायच्या नाहीत. म्हणाल्या, झाडाले माहीत नाही ना गा तुझी पीएच.डी. कधी संपते ते.

चौथ्या वर्षी मात्र निकाल आला. आणि कसा! रंग जितका जास्त तितक्या पेशी जास्त मरत होत्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. निरोगी पेशींवरसुद्धा परिणाम होता, पण कमी. शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला. एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाची जागा निघणार होती आणि निबंध छापून आला असता तर ती मला जवळजवळ मिळालीच होती. मला पुढचं सगळं आयुष्य दिसायला लागलं होतं.

आणि मग मी ती चूक केली. माझं काम इंग्रजीत. वडील रोज दुकानात पेपर मोठ्यानं वाचतात, पण त्यांना माझ्या निबंधाचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. आपण चार वर्षं काय केलं हे त्यांनी एकदा तरी मराठीत वाचावं, एवढंच मनात होतं. ओळखीचा एक वार्ताहर होता. त्याला मी सोप्या मराठीत सगळं सांगितलं, फोटोही दिला. मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. रविवारी बातमी आली. मथळ्यात जांभूळ होतं, कॅन्सर होता आणि 'मारतो' हे क्रियापद होतं. बशी नव्हती. पेशीही नव्हत्या.

वडिलांनी कात्रण दुकानाच्या आरशावर चिकटवलं. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावंच लागे.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "प्रमोद, तुम्ही हे छापून आणायला नको होतं." तुम्ही.

तीनेक महिन्यांनी एक गृहस्थ प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. ढोके काका, मूळचे आमच्या पारशिवनीचे, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, तिथंच कॉलनीमागं घर बांधलेलं. कपडे अजून माझ्या वडिलांकडेच शिवायचे. सदरा अंगावर दोन मापं मोठा झालेला दिसत होता. त्यांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि नंतरची औषधं सुरू होती. ती सोसवत नव्हती, उलट्या व्हायच्या. म्हणून त्यांनी ती बंद केली होती आणि जांभळाचं चूर्ण घेत होते. माझ्याकडे बघून ते इतक्या मायेनं हसले की मला अजून ते हसू नको वाटतं. शिंपीभाऊच्या आरशावर वाचलं, म्हणाले, पोरगं आपलंच आहे, खोटं कायले सांगन. चूर्ण किती घ्यायचं तेवढं विचारायला आलो.

औषध बंद करून सव्वा महिना झाला होता.

मॅडमनी ॲप्रन काढला, चला म्हणाल्या, तुमच्या घरी. काकूंसमोर सांगायचं आहे. काका आमच्यासोबत रिक्षात बसले. घरी गेल्यावर मॅडम खुर्चीवर न बसता काकूंशेजारी दिवाणावर बसल्या आणि तासभर समजावत राहिल्या. रंग पोटात गेला की आतड्यापर्यंत पोचेतो त्याचं काय होतं, आमच्या बशीत किती रंग असतो आणि तेवढ्यासाठी माणसाला किती टोपल्या खाव्या लागतील. काका मान हलवत होते, पण पटत नव्हतं. पण पेशी मेल्या ना, एवढंच त्यांचं पालुपद.

"काका," मॅडम म्हणाल्या, "त्या बशीत मी फिनाईल टाकलं तरी बी पेशी मरतात. मंग तुम्ही फिनाईल प्याल का?"

काकू आधी हसल्या, मग डोळ्याला पदर लावला. "मी यायले सांगून सांगून थकली," त्या म्हणाल्या. "मायं ऐकतच नाही, पेपरवाल्याचं ऐकते."

मंग जांभूळ खाऊ का नको, काकांनी शेवटचा प्रयत्न केला.

"खा ना. मीठ लावून खा. पण सोमवारी डॉक्टरकडे जायचं. नाही गेले तर मी येऊन इथंच बसतो का नाही पाहा."

ते सोमवारी गेले.

परतीच्या रिक्षात मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्या बातमीबद्दल बोलल्याच नाहीत. बाहेर बघत म्हणाल्या, फिनाईल म्हणलं ते मी गंमत म्हणून म्हणलं. पण प्रमोद, आपला रंग फिनाईलपेक्षा वेगळं काही करते, हे तू कशावरून सांगतो?

मी म्हणालो, पेशी मरतात.

"काहून मरतात?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक बाटली भरायला सांगितली. आत पेशी नाहीत. फक्त पेशींना वाढवतो तो अन्नद्रव आणि आमचा रंग. ती पेशींच्याच उबेत ठेवली. सकाळी बघितलं तर जांभळा रंग उडून पाणी तांबूस झालेलं. आम्ही रोज हे पाहत होतो, पण बशीत मेलेल्या पेशी मोजायच्या घाईत रंग गेला कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी कागदाची पट्टी त्यात बुडवली. पट्टी निळी झाली. ती पट्टी हायड्रोजन पेरॉक्साइड असलं की निळी होते. त्या द्रवात आमचा रंग तग धरत नव्हता, आणि मोडताना पेरॉक्साइड तयार होत होतं. जखमेवर टाकल्यावर फेस येतो तेच. ते मोडणारं कॅटलेज नावाचं विकर आम्ही बशीत घातलं आणि पुन्हा रंग सोडला. पेशी जगल्या. जवळजवळ सगळ्या. तीन वेळा केलं, तीनदा जगल्या.

म्हणजे चार वर्षं आम्ही जे जांभळाचं काम समजत होतो, ते बहुतांशी बशीत तयार झालेल्या पेरॉक्साइडचं होतं. शरीरात रंग असा उघड्यावर, त्या द्रवात, इतक्या तासांसाठी बसून राहत नाही.

मॅडमनी माझ्यासमोरच नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि निबंध मागे घेतला. मी त्यांना थांबवायला गेलो. म्हणालो, मॅडम, कुणी विचारलं नसतं. परीक्षकांना कळलंही नसतं. थोडा परिणाम उरतो आहे, त्यावर तरी लिहू. त्या म्हणाल्या, उरतो तेवढा लिही, त्याच्याहून जास्त नाही. ती जागा दुसऱ्याला मिळाली. ज्याला मिळाली त्याचा निबंध छापून आला होता.

मी किती चिडलो होतो ते लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. मला वाटलं, ज्या बाईला रोज 'काहून' विचारायची सवय, तिनं हा एक प्रश्न चार वर्षं का विचारला नाही? आणि विचारायचाच होता तर माझी जागा मिळाल्यावर का नाही? घरी सांगता येत नव्हतं. वडिलांना फक्त म्हटलं, कात्रण काढा. त्यांनी कारण विचारलं नाही. आरशावर गोंदाचा चौकोन राहिला. आठवडाभर धुमसून मी विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहिला की मला मार्गदर्शक बदलून मिळावा. नियमाप्रमाणे तो अर्ज मॅडमच्या सहीनंच पुढं जायचा होता.

मी तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. मग खाली बारीक अक्षरात काही लिहिलं, सही केली, पाकिटात घालून शिपायाकडे दिला. मला एवढंच विचारलं, सही झालेल्याची कॉपी कार्यालयातून घेशील ना? मी हो म्हणालो. घेणार नव्हतो. विभागप्रमुखांनी दोन दिवसांनी मला बोलावून सांगितलं की इतक्या उशिरा बदल होत नाही, अर्ज फायलीला लावला आहे, काम पूर्ण करा. खाली काय लिहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. माझी समजूत होती की माझ्याविरुद्धच असणार.

पुढची दोन वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं आणि कामापुरतं बोललो. मॅडम मात्र माझ्याशी नागपुरीतच बोलत राहिल्या. एकदाही 'तुम्ही' म्हणाल्या नाहीत. नवा प्रबंध उभा राहिला, आधीच्यापेक्षा अर्ध्या उंचीचा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, म्हणजे एवढं करून निष्कर्ष काय, परिणाम नाही? मी उत्तर दिलं, ते ठीकठाक होतं. मॅडम मागच्या रांगेत बसून माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होत्या.

ढोके काका औषध पुन्हा सुरू केल्यावर दीड वर्ष जगले. ते गेल्याचं वडिलांनी फोनवर सांगितलं. त्या दिवशी मी मॅडमना विचारलं, तो सव्वा महिना वाया गेला नसता तर?

"माहीत नाही," म्हणाल्या. "आणि माहीत आहे असं तू बी कोणाले सांगू नको. तुले वाईट वाटते म्हणून बी नाही."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. कार्यक्रम झाला, त्यांनी भाषण केलं नाही. मी तेव्हा दुसऱ्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि उशिरा पोचलो. पहिल्या मजल्याच्या जिन्यावर आलो तेव्हा त्या खाली फाटकाशी होत्या. डोक्यावर हेल्मेट, स्कूटीच्या पुढच्या जागेत शाल आणि नारळ. नारळ काही केल्या बसेना, तो घरंगळून जायचा. शेवटी त्यांनी तो चौकीदाराच्या हातात दिला आणि त्याच्याशी काहीतरी बोलून हसल्या. मग वर पाहिलं. मी दिसलो असेन. त्या क्षणभर थांबल्या, मी खाली यायची वाट बघावी तशा. मी हात वर केला, पण उतरलो नाही. अजून राग होता. स्कूटी निघून गेली.

गेल्या महिन्यात मला कायम नोकरीसाठी जुनी कागदपत्रं लागली. कॉलेजच्या कार्यालयातल्या ताईंनी माझी अख्खी फाईल समोर ठेवली आणि हवं ते काढून घ्या म्हणाल्या. त्यात तो अर्ज होता. मी वाचला, आणि घरी येऊन हे पत्र लिहिलं. मॅडम आता मुलीकडे राहतात. पत्र टपालानं पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. मला पारशिवनीजवळच्या कॉलेजात कायम नोकरी मिळाली. घरापासून वीस मिनिटं. वडील बरे आहेत, आता फक्त रफू करतात.

फाईलमध्ये माझा अर्ज सापडला. त्याखाली तुम्ही लिहिलेलं आज पहिल्यांदा वाचलं. "अर्जदाराची तक्रार योग्य आहे. कॅटलेजची चाचणी पहिल्याच वर्षी करून घेणे हे मार्गदर्शक म्हणून माझे काम होते, ते माझ्याकडून राहिले. त्यामुळे झालेल्या विलंबात विद्यार्थ्याचा दोष नाही. मार्गदर्शक बदलल्यास आजवरचे सर्व काम त्याच्या नावावर राहावे." खाली सही.

मॅडम, मी दोन वर्षं तुमच्याशी धड बोललो नाही, आणि तुम्ही हे लिहून दिलं होतं. तुम्ही मला का सांगितलं नाही, हे मी विचारणार नाही. कदाचित तुम्हाला वाटलं असेल की माझ्याकडे कॉपी आहे, तर ती मी कधीतरी वाचीन. कॉपी नव्हती. मी खोटं बोललो होतो.

माझा राग चुकीचा होता असं मी लिहिलं तर ते तुम्हाला खपणार नाही. राग खरा होता. जागा गेली, दोन वर्षं गेली, ते अजून सलतं. पण एक दुरुस्ती हवी आहे. रोज सकाळी ती बशी मीच बाहेर काढायचो. रंग उडालेला पहिल्यांदा मला दिसायचा, तुम्हाला नंतर. मलाही विचारता आलं असतं. म्हणून त्या शेऱ्यात जो दोष तुम्ही एकटीनं घेतला आहे, त्यात माझंही नाव घाला. मी कार्यालयात विचारलं, आता फाईलमध्ये बदल करता येत नाही म्हणतात. तेव्हा निदान तुमच्याकडे तरी हे पत्र राहू द्या.

आपला विद्यार्थी,
प्रमोद